माळ्यावरची ट्रंक आणि बंद खाणीचे नकाशे : सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका घरातलं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे, मात्र नावं, पेठ आणि खाणीचं ठिकाण मुद्दाम वगळलं आहे. मी सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकवतो. या कामात मी सल्लागार म्हणून शिरलो आणि तीन महिने त्यातच होतो. आपल्याकडे गिरणीत, रेल्वेत, धरणांवर, खाणींत नोकऱ्या करून परत आलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या ट्रंका माळ्यावर आहेत आणि वाडे एकेक करून पाडले जात आहेत. म्हणून हे सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

घरातले आबा खाणीत सर्व्हेअर होते. त्यांचे वडील गिरणीत होते. स्वतः आबा मात्र विशीतच घर सोडून राजस्थानात गेले आणि अरवलीच्या डोंगरातल्या एका छोट्या तांबं-शिसं-जस्ताच्या खाणीत लागले. खाण कसली, डोंगराच्या कुशीत शिरणारा एक आडवा बोगदा, त्याखाली एकाखाली एक अशा चार लेव्हल, म्हणजे खाणीचे मजले, आणि जेमतेम दोन-तीनशे माणसांची वसाहत. ती बंद पडली तेव्हा आबा सोलापूरला परतले. येताना आणलेली लोखंडी ट्रंक माळ्यावर गेली ती तिथेच राहिली. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आजी होत्या, चौऱ्याऐंशीच्या, कान शाबूत आणि आठवण धारदार.

अरवलीतल्या या खाणींबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विसाव्या शतकात तिथे जे खाणकाम झालं ते कोऱ्या डोंगरात झालेलं नाही. उदयपूरच्या दक्षिणेला झावर आहे. तिथल्या जुन्या खाणींतल्या लाकडांचं कार्बनमापन झालं तेव्हा ती दोन हजार वर्षांहून जुनी निघाली. खडकाला आग लावून तो तापवायचा, तडकवायचा आणि खनिजाच्या शिरेमागे वाकडंतिकडं आत शिरत जायचं, अशी ती पद्धत होती. याच झावरला जस्त ऊर्ध्वपातनाने काढत. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याच्या खनिजातून धातू सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू हाती येतो तो वाफ होऊनच, आणि हवा लागली की ती वाफ जळून राख होते. तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली थंड भांड्यात उतरवली. एका भट्टीत अशा ३६ मुशी बसत. १९८३ च्या सुमारास बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या अभ्यासकांनी मिळून या भट्ट्या उकरून काढल्या, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने झावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मानलं. युरोपात जस्त काढण्याचं पेटंट १७३८ चं, ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनचं. झावरच्या भट्ट्या त्याच्या काही शतकं आधीपासून चालू होत्या.

आजी एकदा झावरला जाऊन आल्या होत्या. "घरांच्या भिंतींत मुशी चिणलेल्या की ओ, सर. काटेरी वांगी ओळीनं मांडून ठेवल्यासारख्या," असं त्यांनी सांगितलं. मी वर्गात तीस वर्षं झावर शिकवलं, पण ती भिंत मला आजींनी दाखवली.

आबांची खाण झावरच्या मानाने चिमुकली, पण तिच्याही डोक्यावर अशीच जुनी कामं होती. कुणी, कधी खणली ते माहीत नाही, नकाशा नाही, आणि शेकडो पावसाळ्यांचं पाणी आत साठलेलं. आबांची आयुष्यभराची नोकरी एका वाक्यात सांगायची तर, त्या पाण्यापासून आपले बोगदे किती लांब आहेत हे मोजत राहणं.

ट्रंक उघडली तेव्हा

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. दिवाळीच्या आधी आवराआवर निघाली. काकूंनी, म्हणजे आबांच्या सुनेने, ट्रंक खाली काढली. आत निळसर कापडी कागदाच्या अकरा गुंडाळ्या, वह्यांचा एक गठ्ठा, एक पितळी दिवा, पत्र्याचा एक बंद डबा, चकाकणारे दगड आणि डांबरगोळ्यांचा वास.

मला बोलावणं आलं ते नकाशांसाठी नव्हे. पुण्याहून सुटीवर आलेल्या नातवाला ते दगड कसले आहेत हे विचारायचं होतं. मी पोचेपर्यंत चार गोष्टी होऊन गेल्या होत्या किंवा व्हायच्या बेतात होत्या. ज्यांच्या घरात अशी ट्रंक आहे त्यांच्यासाठी त्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट दगडांची. शिशाचं खनिज, गॅलेना. चांदीसारखं चमकतं, चौकोनी फुटतं आणि हातात घेतलं की वजनाने दचकायला होतं. आकारमानाला पाण्याच्या साडेसात पट जड. त्यातला ८६ टक्क्यांहून अधिक भाग शिसं असतो. आजींनी ते पाहताच ओळखलं, "हा तर सुरमा." खरंच आहे, जुना सुरमा याच दगडाची पूड. पण शेजारचा चार वर्षांचा मुलगा ते दगड फरशीवर घासून रेघोट्या ओढत बसला होता. लहान मुलांच्या शरीरात शिसं किती गेलेलं चालतं, याची सुरक्षित अशी पातळीच नाही. मुलाचे हात साबणाने धुतले, फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसून घेतली, दगड काचेच्या बरणीत घालून झाकण लावलं.

दुसरी गोष्ट त्या डब्याची. काकू तो नळाखाली धरणार तेवढ्यात मी पोचलो. पितळी दिवा कार्बाईडचा होता, म्हणजे डब्यात काय असणार हे उघड होतं. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाईड. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि एका ठिणगीने भडकतो. त्याच ज्वालेच्या उजेडात तेव्हा खाणीत काम चाले. डबा मी उघडला नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून अंगणात, गॅसपासून लांब ठेवला. दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी तो मोकळ्या मैदानात नेऊन रीतसर निकामी केला. तळाशी पांढऱ्या चुन्यासारखी पूड झाली होती, पण मधले खडे अजून जिवंत होते.

तिसरी गोष्ट नातवाने केली, ती प्रेमापोटी. सगळ्यात मोठ्या गुंडाळीवरची धूळ त्याने ओल्या कापडाने पुसली. हे जुने नकाशे कागदावर नसतात. ते ट्रेसिंग क्लॉथवर असतात, म्हणजे खळ देऊन गुळगुळीत केलेलं तलम सुती कापड. पाणी लागलं की खळ विरघळते, तिथलं कापड पांढरं, अपारदर्शक होतं आणि शाई खळीबरोबर निघून येते. पुसला गेला तो नेमका उजवीकडचा खालचा कोपरा, जिथे नकाशाचं प्रमाण लिहिलेलं असतं.

चौथी गोष्ट मला तासाभराने कळली. वह्या मुळात सात होत्या. त्यांत नुसते आकडे होते म्हणून चार वह्या आदल्या दिवशी रद्दीत गेल्या होत्या.

अडचण नेमकी काय

मी गुंडाळ्या उलगडल्या आणि दगड विसरलो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक लेव्हलचा स्वतंत्र आराखडा. काळ्या शाईने बोगदे, तिरक्या रेघांनी काढून घेतलेलं खनिज, आणि कडेने तांबड्या शाईची जाळी. ती तांबडी जाळी म्हणजे जुनी कामं. आबा जिथे जिथे त्यांच्याजवळ पोचले, तिथे तिथे त्यांनी ती नोंदली होती. काही ठिकाणी जाळीची कड पक्की होती, काही ठिकाणी तुटक रेघ आणि प्रश्नचिन्ह.

बंद खाणीचा नकाशा का महत्त्वाचा, हे घरच्यांना समजावताना मी दोन उदाहरणं दिली. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळची चासनाला कोळसा खाण. सोडून दिलेल्या जुन्या कामांत साठलेलं पाणी फुटून चालू खाणीत घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. दुसरं अमेरिकेतलं, जुलै २००२, पेनसिल्व्हेनियातली क्वेक्रीक. हाती असलेल्या नकाशाप्रमाणे शेजारची बंद खाण लांब होती. प्रत्यक्षात ती जवळ निघाली, पाणी घुसलं आणि नऊ कामगार तीन दिवसांहून जास्त अडकून पडले. ते वाचले. त्या बंद खाणीचा शेवटचा नकाशा नंतर सापडला, आणि तो होता एका स्थानिक कोळसा संग्रहालयात.

नातू एकदम गप्प झाला. "म्हणजे हे तसंच आहे, सर?" त्याने विचारलं. आबांची खाण बंद आहे, तिथे आज कुणी काम करत नाही. पण २०१५ पासून देशात खनिजपट्टे लिलावाने दिले जातात आणि तांबं-जस्ताला मागणी आहे. उद्या त्या डोंगरात कुणी पुन्हा छिद्रं घ्यायला, बोगदा काढायला गेलं तर? धातूच्या खाणींसाठीच्या १९६१ च्या नियमांप्रमाणे सोडून दिलेल्या कामांच्या ६० मीटरच्या आत पोचलात तर परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. पण साठ मीटर मोजायचे कुठून? जुनं काम कुठे आहे ते ठाऊक असेल तरच नियमाला अर्थ.

खाण बंद करताना शेवटपर्यंतचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाला द्यावे लागतात, तसा नियम तेव्हाही होता. खाण बंद करण्याची पूर्ण योजना आधीच सादर करायची सक्ती मात्र २००३ पासूनची. त्याआधी बंद पडलेल्या लहान खाणींची कागदपत्रं कुठे कितपत पोचली असतील, हे प्रत्येक खाणीपुरतं विचारूनच कळतं. आबांच्या खाणीबद्दल विचारायला आधी या नकाशांवर डोंगरातली नेमकी जागा बसवता यायला हवी होती. आणि तिथे वह्यांशिवाय पान हलत नव्हतं.

हे जरा उलगडतो. खाणीचा नकाशा स्वतःच्या हिशेबाने काढलेला असतो. बोगद्याच्या तोंडाशी एक खूण शून्य धरायची आणि तिथून फूट मोजत आत जायचं. त्या खुणेला बाहेरच्या जगाशी, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या डोंगरमाथ्यावरच्या बुरुजाशी, जोडणारी मापं नकाशावर नसतात. ती फील्ड बुकात, म्हणजे मोजणीच्या वह्यांत, असतात. दिशेचंही तसंच. उत्तरेचा बाण एका अंशाने चुकला तर अर्ध्या किलोमीटरवर जवळजवळ नऊ मीटरचा फरक पडतो. आणि प्रमाण? ते तर पुसलं गेलं होतं. फुटांच्या काळात ४० फुटांना एक इंच, म्हणजे १ : ४८०. मीटर आल्यावर १ : ५००. एकाच्या जागी दुसरं धरलं तर पाचशे मीटरला वीस मीटरचा घोळ.

नकाशा म्हणजे चित्र. ते चित्र कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर टांगायचं हे ज्या वह्यांत लिहिलेलं होतं, त्या वह्या रद्दीच्या दुकानात होत्या.

कोणते पर्याय समोर होते

त्या रात्री वाड्याच्या सोप्यावर बैठक बसली. एका भाच्याचं म्हणणं, असले दिवे आणि नकाशे हौशी लोक चांगल्या किमतीला घेतात, फ्रेम करून हॉटेलांत लावतात. काकूंना वाटे की एखादा नकाशा आबांची आठवण म्हणून नव्या फ्लॅटमध्ये लावावा आणि बाकी कॉलेजला द्यावं. नातवाचा आग्रह होता की सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकावं, ज्याला हवं तो घेईल. आणि खरी भीती कुणीतरी शेवटी बोलून दाखवली. हे कागद कंपनीचे, आबांनी घरी आणले, सरकारकडे गेलो तर चौकशी मागे लागेल का?

मला स्वतःला कॉलेजचा पर्याय पटकन आवडला होता, हे कबूल केलं पाहिजे. विद्यार्थ्यांना दाखवायला असा ऐवज कुठे मिळतो? आपल्या जिल्ह्यात सगळीकडे काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. त्यात झिओलाइट मिळेल, कॅल्साइट मिळेल, पण शिसं-जस्ताची शीर मिळायची नाही. सोलापूरचा मुलगा खाण पाहतो ती पुस्तकातच. पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं, सोलापूरच्या कपाटातला नकाशा अरवलीत छिद्र घेणाऱ्याला कधी सापडणार? माळ्यावरून उतरून तो दुसऱ्या माळ्यावर जाणार, एवढाच फरक.

इंटरनेटवर टाकायला मी विरोध केला. असे बोगदे शोधत फिरणारे हौशी लोक असतात. सोडलेल्या खाणीत प्राणवायू कमी पडलेला असतो, लाकडी फळ्यांवर माती साचून खोटी जमीन तयार झालेली असते, आणि पाण्याने भरलेला खड्डा काळोखात कोरड्या फरशीसारखा दिसतो. आत जायचा रस्ता दाखवणारा नकाशा सरसकट खुला करायचा नाही, यावर शेवटी एकमत झालं.

ठरलं ते असं : आधी रद्दीवाला. मग सगळ्याची घरीच छायाचित्रं. मग मूळ नकाशे आणि वह्या एकत्र, ताटातूट न करता, सरकारी यंत्रणेकडे पोचपावती घेऊन. कॉलेजला प्रती. घरी दिवा, दगडांची बरणी आणि आबांचा पितळी ओळंबा. चौकशीच्या भीतीवर उपाय म्हणून नातवाने एक साधं पत्र लिहिलं : आजोबांच्या सामानात हे मिळालं, सुरक्षिततेसाठी उपयोगी पडेल म्हणून विनामोबदला देत आहोत.

काय केलं

सकाळी आठला आम्ही रद्दीच्या दुकानाच्या दारात होतो. मालक भला माणूस. त्याने स्वतः गठ्ठे उपसले. चारांपैकी तीन वह्या मिळाल्या, एक तर वर्तमानपत्रांच्या दोन थप्प्यांमध्ये चपटी झालेली. पाचव्या क्रमांकाची वही नव्हती. आदल्या संध्याकाळी एक गाडी भरून कागद कारखान्याकडे रवाना झाली होती. नातवाने गाडीवाल्याला फोन केला, पुढच्या गोदामाला फोन केला. माल लगद्यासाठी पाण्यात पडला होता.

उरलेल्या वह्यांनी पहिला प्रश्न मात्र तासाभरात सोडवला. दुसऱ्या वहीत दोन खुणांमधलं अंतर १८६ फूट लिहिलेलं होतं. नकाशावर त्याच दोन खुणा ११८ मिलिमीटरवर. गणित सरळ आहे, ४० फुटांना एक इंच. पुसलेला कोपरा परत मिळाला.

छायाचित्रांच्या बाबतीत माझा पहिला निर्णय चुकला. घरगुती पद्धतीपेक्षा यंत्र बरं म्हणून एक गुंडाळी प्लॉटरच्या दुकानात नेली. तिथल्या स्कॅनरमध्ये कागद रुळांतून ओढला जातो. आपल्या कोरड्या हवेने या कापडाला बुरशी लागू दिली नव्हती, पण कित्येक उन्हाळे पत्र्याखाली भाजून ते ठिसूळ झालं होतं. पहिल्याच फेऱ्यात कड बोटभर फाटली. तिथेच थांबलो. मग वाड्याच्या शहाबादी फरशीवर पांढरी चादर अंथरली. गुंडाळी एकदम न उघडता दोन दिवस हळूहळू सैल होऊ दिली, कडांवर काकूंनी शिवलेल्या ज्वारीच्या पुरचुंड्या ठेवल्या आणि तिपाईवर कॅमेरा आडवा बांधून तुकड्या-तुकड्याने छायाचित्रं घेतली, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर चढवून. प्रत्येक चित्रात एक पट्टी ठेवली, म्हणजे मापाची खात्री राहते. अकरा नकाशांना चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत वह्या वाचल्या. आकडे इंग्रजीत, टापटीप, खोडाखोड नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ आणि शेजारी बरोबर आकडा. पण सहाव्या वहीत, तिसऱ्या लेव्हलच्या टोकाशी, समासात पेन्सिलीने मराठीत एक ओळ होती : "इथं ठोकलं की पोकळ वाजतं." खाणीत छतावर, भिंतीवर लोखंडी गज ठोकून कानाने खडक पारखतात. साहेबाला दाखवायच्या वहीत इंग्रजी आकडे, आणि स्वतःच्या कानाला जे कळलं ते आईच्या भाषेत. नकाशावर त्याच जागी तांबडी तुटक रेघ होती. ती ओळ मी तीन वेळा वाचली.

चौथी लेव्हल

खरा पेच इथे आला. पहिल्या तीन लेव्हल उरलेल्या वह्यांच्या आधारे डोंगराशी नीट जोडता आल्या. चौथी लेव्हल तिसरीतून खाली खणलेल्या एका उभ्या विहिरीतून गाठलेली होती. अशा विहिरीतून दिशा खाली नेण्यासाठी दोन तारा सोडतात, त्यांना जड ओळंबे बांधतात, आणि ओळंबे डोलू नयेत म्हणून तेलाच्या नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवतात. वर दोन तारांची रेघ मोजायची, खाली तीच रेघ धरून पुढे मोजायचं. ही मापं पाचव्या वहीत होती, आणि ती गेली होती.

नोव्हेंबरात मी आजींशी बसलो, फोनवर ध्वनिमुद्रण लावून. त्या वसाहतीबद्दल बोलत होत्या, पाण्याबद्दल, विंचवांबद्दल. मग आपणहून म्हणाल्या, "माझी पितळी बादली नेली होती ह्यांनी कामावर. तेल भरून काहीतरी टांगायचं होतं म्हणे. ती परत काय आलीच नाही." मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हणजे तारा सोडल्या होत्या, काम रीतसर झालं होतं. चौथ्या लेव्हलची दिशा अंदाजाने मारलेली नव्हती.

आणि मग त्यांनी त्या रात्रीचं सांगितलं. "भोंगा झाला. मला वाटलं मी सोलापुरातच आहे, गिरणीचा भोंगा आहे. मग कळलं, हा अवेळी आहे. बायका सगळ्या दारात. हे पहाटे आले ते कमरेपर्यंत भिजलेले. म्हणाले, जुन्या कामातलं पाणी छिद्रातून सुटलं, माणसं वर आली सगळी." नकाशावर चौथ्या लेव्हलचा पूर्वेकडचा बोगदा अचानक थांबतो. पुढे तांबडी जाळी, कड पक्की.

आता प्रश्न असा : चौथी लेव्हल तिसरीखाली बसवून एकत्र नकाशा द्यायचा का? विहिरीची जागा दोन्ही नकाशांवर होती, तिच्यावरून ती बसत होती. उत्तरेचे बाण जुळवले की चित्र देखणं दिसत होतं. नातवाने संगणकावर ते जुळवूनही दाखवलं. पण एका बिंदूवर टेकवलेला नकाशा त्या बिंदूभोवती फिरू शकतो, आणि तो किती फिरला आहे हे सांगणारी वही आमच्याकडे नव्हती. पाणी जिथे सुटलं ती जागा विहिरीपासून सगळ्यात लांब होती, म्हणजे चूक असलीच तर ती तिथेच सगळ्यात मोठी.

आमचा यावर वाद झाला. त्याचं म्हणणं, काहीच न देण्यापेक्षा अंदाज बरा. मी म्हटलं, रेघ एकदा कागदावर आली की तिच्याबरोबरचा अंदाज हा शब्द गळून पडतो, पुढचा माणूस फक्त रेघ पाहतो. शेवटी आम्ही चौथी लेव्हल सुटीच ठेवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : दिशेचा पुरावा उपलब्ध नाही, पूर्व टोकाला जुन्या कामातून पाणी सुटल्याची तोंडी साक्ष आहे, याच्या आधारे अंतर मोजू नये. आजींच्या बोलण्याचा उतारा सोबत जोडला. नातू तेव्हा नाराज होता. पाठवायच्या आदल्या रात्री तो म्हणाला, "आबांनी पण तिथं प्रश्नचिन्हच टाकलं असतं." त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही.

निष्पत्ती

धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालय, नागपूरला भारतीय खाण ब्यूरो, आणि खनिजांची माहिती गोळा करणाऱ्या इतरही यंत्रणा आहेत. आम्ही एकाहून अधिक ठिकाणी लिहिलं. एका कार्यालयाकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्या एका कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी स्वतः फोन केला, छायाचित्रं मागवली आणि दहा दिवसांनी कळवलं की या खाणीचे त्यांच्याकडे दोनच कागद आहेत, तिसऱ्या आणि चौथ्या लेव्हलचं काहीच नाही. नातू मूळ नकाशे आणि सहा वह्या घेऊन गेला आणि प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद असलेली पोचपावती घेऊन आला. चौकशी वगैरे काही झालं नाही. चहा झाला, आणि आबांचं पूर्ण नाव नोंदवून घेतलं गेलं.

शेजारच्या मुलाच्या रक्ताची तपासणी करून घेतली, काळजीचं काही निघालं नाही. वाडा पाडला गेला. दिवा आणि ओळंबा नव्या फ्लॅटच्या देवघराशेजारी आहेत. प्रतींवर आमचे विद्यार्थी आता मापं काढायला शिकतात.

पुन्हा करायचं झालं तर

ट्रंक उघडल्यावर काहीही पुसायचं, धुवायचं, वाटायचं नाही, आधी जसं आहे तसं फोनने टिपायचं. हे मी आता सगळ्यांना सांगतो. रुळांचा स्कॅनर ही सरळसरळ माझी चूक, कापडाचा कोपरा वाकवून पाहिला असता तरी कळलं असतं. वही गेली तो दोष घरच्यांना देता येत नाही. आकड्यांच्या वहीपेक्षा चित्र मोलाचं वाटणार हे साहजिक आहे. खाणीतून, धरणावरून, सर्व्हे खात्यातून निवृत्त होणाऱ्याने आपल्या हयातीत ट्रंकेच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली तर बरंच वाचेल : यातलं काय कशाला जोडलेलं आहे, आणि कुणाला द्यायचं.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते क्रमाबद्दल. आम्ही कागदांना आधी हात घातला आणि आजींना नंतर. कागद पुढेही थांबले असते. पहिल्या बैठकीत त्या चाळीस मिनिटांत दमल्या, म्हणून उरलेलं संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा झाली की बोलू असं ठरलं. "या की निवांत, सर. मी कुठं जातेय," त्या म्हणाल्या. संक्रांतीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

माझ्या वहीत दुसऱ्या बैठकीसाठी लिहिलेले प्रश्न तसेच आहेत. पहिलाच असा : पाणी सुटल्यावर त्या बोगद्यात भिंत बांधली होती का, आणि आबा पुन्हा खाली गेले ते किती दिवसांनी?